सर्टिफिकिटं जमली, काम तिथंच

बडोद्याच्या एका जुन्या, ट्रस्टनं चालवलेल्या लायब्ररीतल्या ताईंचं पत्र आलंय. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) वय सत्तेचाळीस, बीलिब (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालेलं, लग्नानंतर लगेच इथं लागल्या त्या इथंच आहेत. नवीन ग्रंथपाल सर आल्यापासून दर शनिवारी 'लर्निंग अवर' असतो. त्यात सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर वेबिनार बघायचा आणि सर्टिफिकेट ग्रुपवर टाकायचं, ज्याची जास्त त्याचं नाव बोर्डावर. सरांनी कायझेन (सतत थोडं थोडं सुधारत राहायची जपानी पद्धत) आणि अमेरिकन गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांच्या चाकावर प्रेझेंटेशनही दिलं. इकडे लायब्ररी रजिस्टरवरून कोहा सॉफ्टवेअरवर जातेय. ताईंनी एक पुस्तक चुकून दुसऱ्याच सभासदाच्या नावावर इश्यू केलं, तो सभासद काउंटरवर येऊन ओरडला आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढी सर्टिफिकिटं घेऊन उपयोग काय?" कंत्राटावर आलेला चोवीस वर्षांचा मुलगा सगळं झटपट करतो, त्यामुळे ताईंना आपण अडगळीत गेल्यासारखं वाटतं. जुनं मराठी कपाटन् कपाट ज्यांना पाठ आहे ते काका दिवाळीनंतर रिटायर होतायत. ताई विचारतात, "या वयात एमलिब करू, की उरलेली वर्षं मान खाली घालून काढू? कंप्युटर मला फावत नाही हे आता मान्यच करून टाकू का?"

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंय एमलिबबद्दल पण पत्राचा अर्ध्याहून जास्त भाग त्या एका दुपारबद्दल आहे, तेव्हा आधी तिथूनच सुरुवात करते. त्यात तुम्ही एक ओळ लिहिलीय, अगदी ओघात, की सगळ्या सभासदांची बारकोडची कार्डं अजून झालेली नाहीत म्हणून नावानं शोधावं लागतं, आणि त्या नावाचे दोन सभासद होते. आणि पुढच्याच वाक्यात 'चूक माझीच होती' म्हणून मोकळ्या झालात. अहो, चूक तुमच्या हातून झाली हे खरं, पण ती चूक तिथं वाट बघत बसलेली होती, तुमच्या जागी काका असते किंवा तो मुलगा असता तरी आज ना उद्या झालीच असती. बडोद्यात एकाच नावाचे दोन जोशी, दोन शहा, दोन पटेल सापडणं काय कठीण आहे? अर्धी कार्डं असताना नावावर इश्यू चालू ठेवायचं हे कुणीतरी ठरवलं किंवा कुणीच ठरवलं नाही, तसंच चालू राहिलं. दुसरंच जास्त शक्य आहे.

आता गंमत बघा. सरांनी ज्या डेमिंगचं चाक दाखवलं (योजना करा, करून बघा, काय झालं ते तपासा, सुधारा आणि परत), तेच डेमिंग 1950 मधे जपानला जाऊन तिथल्या कारखानदारांना शिकवून आले, आणि आयुष्यभर हेच सांगत राहिले की बहुतेक दोष कामाच्या रचनेत असतात, कामगारात नसतात. त्यांचे व्यवस्थापनाचे 14 मुद्दे प्रसिद्ध आहेत, त्यातला आठवा आहे भीती घालवा. जिथं चुकलं की सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं तिथं माणूस पुढच्या वेळी चूक झाकायला शिकतो, दुसरं काही शिकत नाही. तुमच्याकडे त्या दुपारनंतर किती जणांनी आपापल्या चुका सरांना सांगितल्या असतील? मला वाटतं शून्य. चाकाचं चित्र घेतलं आणि आठवा मुद्दा सोडला असं झालंय ते.

पण सरांना सुधारणं हे काही या उत्तराचं काम नाही, आणि तुमचंही नाही. तुम्ही एवढंच करा की ती दुपार तक्रार म्हणून न मांडता काम म्हणून मांडा. म्हणजे सरांना शांतपणे, एकट्यात, "सर, ती चूक परत होऊ नये म्हणून एक सुचवायचं होतं. कार्डं पूर्ण होईपर्यंत इश्यू करताना नावाबरोबर मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारूया, आणि कोहात सभासदाचा फोटो लावता येतो तो निदान रोज येणाऱ्यांचा लावून घेऊया." एवढंच. माफी नको, खुलासा नको. दांडियाबाजारातले की कारेलीबागेतले, हे विचारलं तरी पुष्कळदा काम होतं, पण आकडे जास्त खात्रीचे. चार आठवड्यांनी परत जाऊन सांगा की चुकीचा इश्यू किती वेळा झाला. झालं की तुमचं चाक फिरून, सर्टिफिकेट न घेता.

दुसरं, कंप्युटर फावत नाही हे. हे पत्र तुम्ही मोबाइलवर देवनागरीत टाइप करून ईमेलनं पाठवलंय ना? मग कंप्युटर हा प्रश्न नाहीये. प्रश्न हा आहे की कोहा बसवून देणाऱ्या एजन्सीचा माणूस एक दिवस आला, भरभर बोलला, प्रोजेक्टरवर माउस फिरवला आणि गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून खऱ्या सभासदांसमोर, रांग लागलेली असताना तुम्ही शिकावं अशी अपेक्षा. असं कोण शिकतं? त्या मुलाला जमलं कारण त्याला बिघडायची भीती नाही, आणि बिघडलं तर कुणी त्याला 'या वयात' असं म्हणत नाही.

तेव्हा मागा काय, तर सरावाची जागा. कोहा हे ओपन सोर्स आहे, त्याची वेगळी कॉपी एखाद्या जुन्या मशीनवर टाकून घ्यायला लायसन्सचे पैसे लागत नाहीत. तिथं खोटे सभासद, खोटी पुस्तकं, वाट्टेल ते बिघडवा. (कोहाचा जन्म पण असाच आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर 2000 साल उजाडल्यावर चालणार नाही असं दिसलं, म्हणून त्यांनी आपल्या गरजेपुरतं लिहून घेतलं आणि मग जगाला फुकट दिलं.) आणि सगळं कोहा शिकायला जाऊ नका. तुम्ही दिवसभरात खरोखर काय काय करता ते लिहा, इश्यू, रिटर्न, रिन्यू, नवीन मेंबर, डिपॉझिट परत, दंड, कुणासाठी पुस्तक राखून ठेवणं, आठ-दहाच्या वर जाणार नाही ती यादी. आठवड्याला दोन घ्या, आणि प्रत्येकाच्या पायऱ्या आपल्या शब्दात आपल्या हातानं वहीत उतरवा. दुसऱ्याची पीडीएफ उपयोगाची नसते, आपल्याला कुठं अडतं ते त्या लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

आणि शिकवायला? तो मुलगा. तुम्ही त्याच्याबद्दल जे लिहिलंय त्यात थोडी चीड आहे, ती समजते, पण पत्रात हेही आहे की परवा तो तुमच्याकडेच आला होता, एका आजोबांना 'ती जुनी नाटकांची पुस्तकं' हवी होती आणि याला काही सुचेना. मग सौदा सरळ आहे, अर्धा तास तो तुम्हाला कोहा, अर्धा तास तुम्ही त्याला कपाटं. तो कंत्राटावर आहे, त्यालाही कुणीतरी धरून शिकवलेलं नसणार.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या शनिवारच्या तासात जगभरातलं शिकायला मिळतं, पण तुमच्या काउंटरवरून रोज कोण रिकाम्या हातानं परत गेलं हे कुणीच बघत नाही. तुम्ही बीलिबला रंगनाथनांचे (आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक) पाच नियम लिहिले असतील, सगळेच लिहितात, 1931 चे ते नियम. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. पाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. परीक्षेत पाच मार्काला येतात आणि मग नोकरी लागते. तर चौथा नियम मोजायचा कसा? माझ्या मते एका वहीनं. साधी दोनशे पानी घ्या, काउंटरवर ठेवा. एखादा वाचक मागितलेलं न मिळता गेला की एक ओळ: तारीख, काय मागितलं, कुठल्या भाषेतलं, आणि का मिळालं नाही. 'का' साठी चार-पाचच कारणं ठेवा. दुसऱ्याकडे गेलंय, आपल्याकडे नाहीच, आहे पण जागेवर नाही, आहे पण कंप्युटरवर शोधून सापडलं नाही, किंवा त्यांना काय हवं तेच आपल्याला कळलं नाही. शेवटचं कारण लिहायला जरा जड जातं, पण लिहा. वाचकाचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही आणि कुणी काय वाचतं ही ज्याची त्याची गोष्ट आहे.

दोन आठवडे फक्त लिहा, काही सुधारू नका. हा सगळ्यात कठीण भाग, कारण हात शिवशिवतात. मग एका निवांत दुपारी ओळी मोजा. आकडे काय येतील ते मी इथून सांगू शकत नाही, पण दोन गोष्टी नक्की तपासा म्हणून सांगते, कारण आपल्याकडच्या लायब्रऱ्यांत त्या हमखास असतात.

एक म्हणजे ड्यूईचे नंबर, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे द्यायची अमेरिकन ड्यूईंची पद्धत. तुमच्याकडे ड्यूई आहे असं लिहिलंय. मराठी साहित्य 891.46, गुजराती 891.47, हिंदी 891.43. स्पाइनवरचं लेबल झिजलेलं, ट्यूबलाइट अंधुक, संध्याकाळी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग, आणि ठेवणाऱ्याला दोन्ही लिप्या सारख्याच सवयीच्या. सहाचा सात व्हायला कितीसा वेळ लागतो! मग ते मराठी पुस्तक गुजराती रॅकमधे महिनोन् महिने बसून राहतं, रेकॉर्डवर 'उपलब्ध' दिसतं, आणि आपण वाचकाला सांगतो की असेल कुठंतरी. यावर उपाय वेबिनारमधे नाही, रोज एकच रॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत नंबर बघत जायचं, उघडायच्या आधी पंधरा मिनिटं. आणि मराठी-गुजरातीच्या लेबलांना दोन वेगळ्या रंगांची पट्टी. वहीत 'जागेवर नाही' च्या ओळी कमी झाल्या तर उपाय लागू पडला, नाही झाल्या तर कारण दुसरं आहे, आपला अंदाज चुकला, परत बघायचं.

दुसरी गोष्ट कंप्युटरवर न सापडण्याची. रजिस्टरवरून एंट्री करताना कुणी देशपांडे अनुस्वारानं लिहिलं, कुणी अर्धा 'न' घालून देशपान्डे, कुणी रोमनमधे, आणि रोमनमधे तर जेवढे टाइप करणारे तेवढी स्पेलिंगं. डोळ्याला एकच वाटतं पण मशीनला बहुतेक वेळा ते वेगवेगळे शब्द असतात. शिवाय गुजरातीच्या सवयीनं मराठी ऱ्हस्व-दीर्घ घसरतं ते वेगळंच. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधली यादी असेल तर तिची अक्षरंच उडून जातात. इथं तुमची खरी किंमत आहे ताई, कारण या चुका त्या मुलाला दिसणार नाहीत (तो मराठी वाचत नाही म्हणता) आणि एजन्सीला तर नाहीच नाही. लेखकांच्या नावांची एक पक्की यादी, कुठलं नाव कसं लिहायचं, ही तुम्ही करायची. आधी जे लेखक सगळ्यात जास्त मागितले जातात ते घ्या, सगळे एकदम घेतलेत तर कंटाळून सोडाल.

आता काका. माझ्या मते हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं आहे आणि तुम्ही त्याला एकच वाक्य दिलंय. दिवाळीनंतर शाल-श्रीफळ देऊन निरोप समारंभ कराल, भाषणात सगळे म्हणतील की काका म्हणजे चालतीबोलती लायब्ररी, आणि ती चालतीबोलती लायब्ररी मग घरी जाऊन बसेल. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात डब्यांवर लेबलं नसतात, त्या आहेत तोवर कुणाचं काही अडत नाही आणि त्या चार दिवस गावाला गेल्या की जिरं सापडत नाही, तसं होणार आहे तुमचं.

पण काकांना 'तुम्हाला माहीत असलेलं सगळं लिहून द्या' असं सांगू नका. कुणीच देत नाही. आपल्याला काय माहीत आहे हे माणसाला प्रश्न आल्याशिवाय आठवतच नाही. म्हणून त्या वहीतल्या ओळी घेऊन त्यांच्याकडे जा, रोज दोन. "काका, हे मागत होते, तुम्ही असतात तर कुठं बघितलं असतं?" ते उठून एखाद्या कपाटापाशी जातील आणि तिथं उभ्या उभ्या अजून तीन गोष्टी सांगतील, कुठल्या वाड्यातून देणगी आली, दिवाळी अंकांचे बाइंड केलेले गठ्ठे वरती का ठेवले, कुठल्या वर्षाचं अॅक्सेशन रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन नोंद करतात ते) भिजलं होतं आणि त्यामुळे कुठले नंबर दोनदा पडलेत. त्यांना विचारून फोनवर आवाज रेकॉर्ड करा, कपाटाचा फोटो काढा, आणि त्याच दिवशी चार ओळी लिहून टाका, नाहीतर रेकॉर्डिंग फोनमधेच राहतं. सोबत त्या मुलाला न्या. काका थोडे आखडू असतील तर (असतातच, आणि थोडा हक्क आहे त्यांना) सरांकडून अधिकृत सांगून घ्या की शेवटचे काही महिने काकांना काउंटर नाही, हेच काम. त्यात त्यांचाही मान राहतो.

आपण बडोदेकर यात कच्चे असायचं खरं म्हणजे काही कारण नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मधे अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणलं हे आपण अभिमानानं सांगतो, पण त्यांनी इथं काय केलं ते बघा. 1911 मधे इथल्याच लोकांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला. ड्यूईची पद्धत जशीच्या तशी न चिकटवता ड्यूई आणि कटर (हेही अमेरिकन ग्रंथपालच) या दोघांवरून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण बांधलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. 1912 पासून लायब्ररी मिसेलनी नावाचं नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूर असायचा, म्हणजे काम करणाऱ्याला त्याच्या भाषेत. आणि 1913 मधे बोर्डन परत गेले. तीन वर्षांत! पण काम बंद पडलं नाही, कुडाळकरांसारख्या इथल्याच माणसांनी पुढं चालवलं, कारण बोर्डन इथं होते तोवरच माणसं तयार होत होती. तुमच्याकडचे काका जातायत ते चालेल, त्यांच्यामागे कुणी तयार झालेलं नाही हे नाही चालणार.

शनिवारच्या तासाचं काय करायचं? तो बंद करा असं म्हणू नका, सरांना तो आवडतो आणि तास मिळतोय हेच मोठं आहे, बऱ्याच ठिकाणी शिकायचं ते घरी जाऊन, स्वतःच्या डेट्यावर. फक्त आत काय चालतं ते बदला. एका पानाची नोट द्या सरांना, जास्त नको: एक महिना करून बघू, पहिल्या शनिवारी वहीतल्या ओळी मोजणं, दुसऱ्याला त्यातलं एक कारण निवडून एक उपाय ठरवणं, तिसऱ्याला कोहाचा सराव, चौथ्याला उपाय लागला का ते बघणं. वेबिनार ज्याला हवा त्यानं बघावा, पण बघितल्यावर ग्रुपवर सर्टिफिकेट न टाकता त्यातलं आपल्या लायब्ररीत काय करता येईल ते दोन वाक्यांत सांगावं. सांगण्यासारखं काही नसेल तर तसंही सांगावं, पुष्कळ वेबिनार तसलेच असतात. नोटेखाली तारीख घाला, महिन्यानंतरची, त्या दिवशी चालू ठेवायचं की सोडायचं हे ठरेल म्हणून. कुठल्याही साहेबाला 'कायमचं बदला' पेक्षा 'महिनाभर बघू' ला हो म्हणणं सोपं जातं.

सर नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. मग तास त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या, वही आणि काका यांना कुणाची परवानगी लागत नाही. पण एक सांभाळा, हे सगळं घरच्या वेळेत ओढू नका. बायका ओढतात, रात्री जेवणं आटोपल्यावर यादी करत बसतात, आणि मग तेच गृहीत धरलं जातं.

सर हे वाचत असतील तर त्यांनाही एकच, बोर्डावर सर्टिफिकिटांचा आकडा लावता ना, त्याच्या शेजारी या महिन्यात आपण काय सुधारलं ते लावून बघा, आणि कुणाला काही बोलायचं असेल तर ते केबिनमधे.

राहिलं एमलिब. वय हा मुद्दा सोडा. रंगनाथन गणित शिकवत होते, 1924 मधे मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून लागले आणि ग्रंथपालन शिकायला लंडनला गेले ते नोकरी लागल्यावर. सुरुवातीला ती नोकरी त्यांना इतकी कंटाळवाणी वाटली होती की परत शिकवायला जायचं म्हणत होते. पण त्या सरांचं बोलणं खोटं पाडायला म्हणून एमलिब करत असाल तर नको, दोन पानांच्या असाइनमेंटनं ती दुपार पुसली जाणार नाही. वर्गीकरण, कॅटलॉगिंग, डिजिटल लायब्ररी हे नीट बसून वाचायची इच्छा असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येतं, आणि आधी चव घ्यायची असेल तर सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर या विषयाचे कोर्स असतात, त्यातला एक करून बघा, बसायला जमतंय का ते तिथंच कळेल. आणि पगारासाठी, वरच्या जागेसाठी करायचं असेल तर तेही अगदी रास्त कारण आहे, त्यात लाजायचं काही नाही, फक्त मग फी भरायच्या आधी ट्रस्टच्या ऑफिसात लेखी विचारा की एमलिबनंतर ग्रेड बदलते का आणि काकांची जागा भरणार आहेत का. तोंडी 'बघू' म्हणाले तर ते 'नाही' धरूनच हिशोब करा.